अडलं की गाऊन सांग

"खाडीच्या पाण्या, थांब जरासं, नवरीला हळद लागू दे..." कृतिकाने लहानपणी मावशीच्या मांडवात ऐकलेला हा आवाज. काशिमिऱ्यापासून घोडबंदरपर्यंत कुणाचंही लग्न असो, लग्नाची गाणी म्हणायला धवलारीण मंजुळाबाईच लागायची. पुढे कृतिका त्याच आवाजाच्या घरी सून म्हणून आली आणि चकित झाली. मांडवात भरतीसारखी वाहणारी सासू घरात मानेनंच बोलायची, फार तर एखादा शब्द. लोक म्हणत, धवलारणीची जीभ देवाची, ती उगाच खर्चत नाही.

नात मनाली चार वर्षांची. "आ-आ-आजी, पा-पा-" करत अडली की मंजुळाबाई हळूच चाल गुणगुणायची, "गाऊन सांग." पोर सूर धरायची:
"आजी गं आजी, पाणी दे,
ग्लास नको, तांब्या दे."

बाप भूपेश हसून लोळायचा. "पुढची धवलारीण तयार हाय. आतापासून बुकिंग घेऊ काय?"

बालवाडीच्या बाई मात्र हसल्या नाहीत. "घरी गात असेल. इथे ती बोलणंच सोडायला लागलीय. स्पीच थेरपिस्टला दाखवा."

"मोठी झाली की अडखळणं सुटेल ना?" कृतिकाने विचारलं.

"सुटेलही. पण कुणाचं सुटेल ते आधी कळत नाही. थांबू नका."

जेसल पार्कच्या दवाखान्यात सगळं घर गेलं. थेरपिस्ट संध्या मॅडम जमिनीवर बसून मनालीशी भातुकली खेळल्या. शब्द अडला तर त्यांनी तो पुरा केला नाही, की घाईही केली नाही. "च-च-" चालू असताना कप पुढे धरून नुसत्या बघत राहिल्या. "चहा" आला. मनाली खुदकन हसली आणि मग थांबेचना. साखर, आलं, खारी, बटर... अडखळत, धडपडत सगळं मागून झालं.

"लवकर आणलंत, छान केलंत," मॅडम म्हणाल्या. "घरात आणखी कुणी अडखळतं? त्यावरून ठरवता येतं, थोडं थांबून बघायचं की लगेच थेरपी सुरू करायची."

"न्हाय, कुणीच न्हाय," भूपेश म्हणाला.

मंजुळाबाईने पदर सारखा केला. ओठ उघडले, पण शब्द येईना. भूपेश तिच्यासाठी बोलायला गेला, तर मनालीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. सगळे थांबले.

"म-म-मी," मंजुळाबाई म्हणाली. "मी अडखळते. ल-लहानपणापासून. गाण्यात लपवलं मी. हिला न-नको लपवायला. हिला ब-बोलू द्या."