मयत समजण्यात येते

मित्रांनो, मी तालुक्याच्या कचेरीतली एक जुनी फाईल आहे. कागदोपत्री मला संचिका म्हणतात, पण त्या नावानं हाक कुणी मारत नाही. माझ्या शेजारी विहिरींच्या, बांधाच्या भांडणाच्या, गारपिटीच्या फायली उभ्या आहेत. त्या काढताना कारकून मोठ्यानं बोलतात, हसतात. माझी नाडी सोडताना मात्र त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. असं का होतं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. गुलाबी पुठ्ठा, कडेला कापडाची पट्टी आणि पांढरीशुभ्र नाडी. शंभरजणींच्या गठ्ठ्यातून मी या कचेरीत आले. आपल्या पोटात काय येणार, याची मला फार उत्सुकता होती. मला वाटायचं, एखाद्या शाळेची नाही तर तलावाची फाईल होईन. पण एके दिवशी माझ्यावर शाईनं नाव पडलं ते 'आसिफा साजिद' असं, आणि आत एक अर्ज आला.

नवऱ्याच्या मागं निराधार झालेल्या बायकांना सरकार दरमहा आधार देतं. आसिफानं तोच मागितला होता. तिचा नवरा साजिद ट्रक चालवायचा. एका हिवाळ्यात शहागडच्या नाक्यावरून तो कापसाच्या गाठी घेऊन निघाला. तीन दिवसांनी ट्रक दुसऱ्या राज्यात रस्त्याकडेला उभा सापडला. किल्ली जागेवर होती, माल जसाच्या तसा होता, चालकाच्या आसनाखाली त्याच्या चपला होत्या. साजिद नव्हता. तेव्हा लायबा, त्याची लेक, दोन वर्षांची होती. पोलिसांनी 'बेपत्ता' असं लिहून घेतलं आणि त्या एका शब्दापाशी सगळं थांबलं. साडेतीन-चार वर्षं वाट पाहून आसिफानं हा अर्ज केला होता.

तेव्हाच्या कारकुनानं अर्ज वाचला आणि माझ्या पहिल्याच पानावर एक ओळ लिहिली : 'पतीचा मृत्यू दाखला नाही. सबब नामंजूर.' ओळ लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. माझी नाडी बांधली गेली आणि मी कपाटात गेले. चार वर्षं तिथे होते. कसर लागली, कोपरे उंदरांनी कुरतडले. माझ्या आत साजिदच्या चपलांचा पंचनामा होता. अंधारात तो पुन्हा पुन्हा माझ्याच अंगावर वाचला जातोय असं वाटायचं. तपकिरी रंग, डाव्या चपलेचा पट्टा नव्यानं शिवलेला. जो माणूस चप्पल शिवून घेतो, तो ती सोडून कुठं जातो?

चार वर्षांनी आसिफा पुन्हा आली. मधल्या काळात कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. मोसंबीच्या तोडणीला तिला आता कुणी बोलवत नव्हतं. लायबाची शाळा सुटायच्या बेतात होती. या वेळी टेबलावर संध्या नावाची अव्वल कारकून होती. हिनं मला झटकलं, कोपऱ्यांना कागद चिकटवले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तोवर मला एवढं सलग कुणीच वाचलं नव्हतं.

ती मला घेऊन नायब तहसीलदार अप्पारावांच्या पुढ्यात गेली. निर्णयाची सही त्यांची होती.

"साहेब, माणूस सात वर्षं कुणाला दिसला न्हाई, त्याची काही खबर न्हाई, तर कायदा त्याला मेला असं धरतो म्हणे," ती म्हणाली.

"म्हणे म्हंजे?"

"मला पक्कं ठाऊक न्हाई. म्हणूनच कायद्याचा सल्ला मागू या."

अप्पाराव वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. "संध्याबाई, कशाला लफडं वाढवता? दाखला न्हाई, मंग अर्ज न्हाई. बराबर बसतंय की."

"बसतंय, पण ते खरंय का, ते कुठं ठाऊक आहे आपल्याला?"

अप्पारावांनी लेखणी उचलली आणि लिहिलं, 'विधी अभिप्राय घ्यावा.'

पण मी जिल्ह्याच्या गावी निघण्याआधीच एक म्हातारी कचेरीच्या पायऱ्या चढून आली. अकबरबी, साजिदची आई. आसिफाचीच सासू, एकाच घरात राहणारी. तिनं संध्याच्या टेबलावर आपला बटणांचा मोबाईल ठेवला.

"मेरा बच्चा जिंदा है. त्याला मेला म्हणून लिहू नका."

"चाची, काही खबर आली का त्याची?"

"दर रमजान ईदला फोन येतो. कुणी बोलत न्हाई, फकस्त दम ऐकू येतो. आठ ईद झाल्या, आठ फोन आले. आईला दम कळत न्हाई का?"

संध्याचा चेहरा उतरला. तरी तिनं शब्दन् शब्द लिहून घेतला, अंगठा घेतला आणि ती हरकत माझ्यात लावली. मित्रांनो, त्या दिवसापासून मला माझ्या पानांची भीती वाटू लागली. एका पानावर तो नव्हता. दुसऱ्या पानावर तो श्वास घेत होता.

जिल्ह्याच्या गावी सल्लागार वकिलाची जागा रिकामी होती. मी तिथे अकरा महिने एका लाकडी मांडणीवर पडून राहिले. आसिफा दर आठवड्याला आमच्या कचेरीत चौकशीला यायची, असं मला पुढं कळलं. अखेर साहेबराव नावाचे पिकल्या केसांचे वकील रुजू झाले. त्यांनी मला दोनदा वाचलं आणि एका पानावर स्वच्छ अक्षरात उत्तर दिलं : जवळच्या माणसांना सात वर्षं कसलीच खबर मिळाली नसेल, तर माणूस मयत असं गृहीत धरता येतं, परंतु हे फोन ही खबर असू शकते, ते कुणी केले याची चौकशी करा, आणि आईनं हरकत घेतली आहे, तेव्हा तिला ऐकल्याखेरीज निर्णय देऊ नका.

मी परत आले. संध्यानं आसिफाला बोलावून ते उत्तर समजावून सांगितलं. आसिफानं उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मॅडम, ते फोन मीच केले."

संध्याची लेखणी थांबली.

"अम्मी जेवत नव्हत्या. दाराशी बसून राह्यच्या. मंग मी ईदच्या दिवशी नाक्यावर जायची, एखाद्या ट्रकवाल्याचा फोन मागायची. कधी हरियाणाचा नंबर, कधी तमिळनाडूचा. लावायचा आन गप उभं राह्यचं. फोन आला की अम्मी दोन घास खायच्या. यंदाच्या ईदलाबी केला."

"अर्ज इथं पडून असताना?"

"त्यांना उपाशी कसं ठेवू? तेवढं त्यांच्या कानावर घालू नका, मॅडम. बाकी कायबी लिहा."

पण ते कसं शक्य होतं? हरकत घेणारीला ऐकायचं, तर हरकतीचं उत्तरही तिच्यापुढं ठेवायला हवं. संध्यानं तिला तसं स्पष्ट सांगितलं. लपवून आधार मिळाला असता, तर पुढं कधीतरी तो तिच्याच गळ्याशी आला असता. आसिफा दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि तिनं जबाबावर डाव्या हाताचा अंगठा उठवला : 'सर्व नऊ फोन मी केले.'

सुनावणीच्या दिवशी अप्पारावांच्या खोलीत मी टेबलावर उघडी पडले होते. एका बाजूला आसिफा, दुसऱ्या बाजूला अकबरबी. संध्यानं जबाब वाचला. वाचून झाल्यावर कुणीच म्हातारीकडं बघायला धजेना.

अकबरबी रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. दर ईदला ही 'दूध आणते' म्हणून बाहेर जायची आन जल्दी येतच नव्हती. मंग फोन वाजायचा. पोरीचा हुंदका सासूला ओळखू येत न्हाई का?"

आसिफानं मान वर केली. "ठाऊक होतं? मंग हरकत का घेतली, अम्मी?"

"कागदावर तो मेला की तू फोन लावायचं बंद करशील. तेवढ्यासाठी."

अप्पारावांनी चष्मा काढून पुसला आणि परत तसाच हातात धरला. मला वाटलं, आता संपलं. म्हातारी हरकत मागं घेईल, सही होईल, माझी नाडी बांधली जाईल. पण अकबरबीचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण नऊ लिहू नका. सात लिहा."

"सात कसे, चाची?"

"पहिल्या ईदला फोन वाजला तवा ही माझ्या समोर शिरखुर्मा वाढून राह्यल्ती. दुसऱ्या ईदला लायबाला ताप होता, तिला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसल्ती. ते दोन हिचे न्हाईत."

संध्यानं आसिफाकडं पाहिलं. "तिसऱ्या ईदला आलाच न्हाई," आसिफा इतकी हळू बोलली की मलाच कष्टानं ऐकू आलं. "अम्मी सांजेपर्यंत दारात बसल्त्या. म्हणून मी गेले नाक्यावर. पहिले दोन कुणाचे, मला न्हाई ठाऊक. कायद्यात बसावं म्हणून मी नऊ सांगितले."

मित्रांनो, कागदाला काटा येत नाही म्हणतात. मला आला. त्या दोन वेळी पलीकडं कोण उभं होतं? अनवाणी माणूस? की कुणीतरी चुकून लावलेला नंबर? दोन्ही वेळा ईदच्याच दिवशी?

सगळे बाहेर गेल्यावर अप्पाराव म्हणाले, "संध्याबाई, नऊच राहू द्या. कुणाला कळतंय? गरिबाचं भलं होईल."

"खोट्यावर उभं केलेलं भलं किती दिवस टिकंल, साहेब? पुन्हा एकदा विचारू. आठ दिवसांत मीच उत्तर घेऊन येते."

ती मला पिशवीत घालून, एसटीनं, स्वतः साहेबरावांकडं घेऊन गेली. त्यांनी नवा जबाब वाचला, अकबरबीचं म्हणणं वाचलं. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मौनाला निरोप म्हणायचं का, हे कुठल्या पुस्तकात मिळायचं?" ते स्वतःशीच पुटपुटले. परत येऊन त्यांनी लिहिलं : पहिले दोन फोन साजिदचेच होते, असं अर्जदाराच्या विरोधात धरून चाललं, तरी दुसऱ्या फोनच्या दिवसापासून आज सात वर्षं आणि बावीस दिवस होतात, त्यानंतरची खबर नाही, या योजनेपुरतं त्यास मयत समजून अर्ज मंजूर करण्यास हरकत नाही.

सात वर्षं आणि बावीस दिवस. मी लाकडी मांडणीवर पडून होते त्या अकरा महिन्यांना मी किती शिव्या घातल्या होत्या. तेच नसते, तर ही सात वर्षं भरली नसती.

अप्पारावांनी सही केली. आदेश घ्यायला दोघी एकत्र आल्या. संध्यानं तो वाचून दाखवला. 'साजिद यांस मयत समजण्यात येते' या ओळीवर अकबरबीनं तिला थांबवलं.

"समजण्यात म्हंजे काय? मेला का तो?"

"कायदा तसं धरतो, चाची. आम्हाला ठाऊक न्हाई."

म्हातारीनं मान हलवली. "मंग बराबर लिहिलंय," ती म्हणाली आणि हरकत मागं घेतल्याच्या कागदावर तिनं अंगठा दिला.

त्यानंतर माझं कौतुक झालं. इतर तालुक्यांतले कारकून मला बघायला आले. सल्ला कसा मागावा, प्रश्न कसा लिहावा, याचा नमुना म्हणून माझी पानं त्यांनी उतरवून नेली. लायबा आता नववीत आहे. दरवर्षी आसिफा हयातीचा दाखला द्यायला येते. आधार घेणारा माणूस जिवंत आहे, हे दरवर्षी कागदावर दाखवावं लागतं. गेल्या खेपेला अकबरबीही सोबत आली होती.

"हिच्या हयातीचा कागद इथं मिळतो," तिनं संध्याला विचारलं, "माझ्या पोराच्या हयातीचा कुठं मागायचा?"

संध्यानं आपली खुर्ची म्हातारीला दिली आणि स्वतः उभी राहिली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणीतरी अशा टेबलामागं बसेल आणि हातात लेखणी असेल. ठाऊक नसेल तेव्हा नकार लिहू नका. जाणत्याला विचारा. त्यात कमीपणा नसतो. विचारायला लागणाऱ्या एका पानापेक्षा न विचारता लिहिलेली एक ओळ फार जड असते. आणि आमच्यासारख्या फायली कसर लागू न देता जपा. काही वर्षांनी जुने कागद नष्ट करायची यादी निघेल, तीत माझाही क्रमांक असेल. खोडण्याआधी एकदा विचार करा. साजिदविषयी जे ठाऊक आहे ते, आणि जे ठाऊक नाही तेही, खरं खरं लिहिलेला दुसरा कागद या जगात नाही.