तीन जिन तीन ल्यांग

"अहो विहीणबाई, मुलगी मागायला आलात की सुटे द्यायला?"

नवरीच्या आत्याने पिशवी उघडली आणि ती फिसकन हसली. मला असा राग आला! पण मी पडले मध्यस्थ, दोन्ही घरचा चहा प्यायलेली.

आमच्या भागात मुलीचा मान तराजूवर ठरतो. तीन जिन तीन ल्यांग, म्हणजे दीड किलोहून थोड्या जास्तच भरतील इतक्या नोटा मुलाकडच्यांनी आणायच्या, त्याही शंभर युआनच्या, लालभडक. मुलाच्या आईने, फान सुचिनने, आणल्या होत्या एकेका ज्याओच्या. असे दहा ज्याओ, तेव्हा कुठे एक युआन. भाजीवालीसुद्धा हिशेबात तेवढे सोडून देते.

सुचिन आमच्या गल्लीतली टोफूवाली. नवरा आजारात गेला, त्यानंतर जात्यावर सोयाबीन दळून तिने मुलाला, लेईला, वाढवलं. आज तोच लेई ओट्यावर मान खाली घालून बसला होता, आणि आत दाराआड नवरी, रुईफांग, रडत होती. आत्याचं चाललं असतं तर सोयरीक तिथेच मोडली असती.

सुचिन जागची हलली नाही. "लाल नोटा याच्या बापाच्या औषधपाण्यात गेल्या," ती म्हणाली. "कर्ज काढून आणल्या असत्या, तर उद्या तुमच्याच मुलीला फेडाव्या लागल्या असत्या. ह्या माझ्या टोफूच्या आहेत. यातली एकही उसनी नाही."

"अहो, पण रीत म्हणून काही—" आत्या सुरू झाली.

"ताई, तू थांब." नवरीचा बाप, डुआन थ्येचू, उठला. हा डुकराचं मांस विकणारा, बोलायला भारी कंजूष. त्याने भिंतीवरचा दांडीचा काटा काढला, पिशवी आकड्याला अडकवली आणि वजनाचा गोळा तीन जिन तीन ल्यांगच्या खुणेवर सरकवला. दांडी आडवी, अगदी सरळ राहिली.

"भरलं," तो म्हणाला. "रीत पुरी झाली."

"भरलं कसलं?" आता सुचिन उठली. "गोळ्याकडचं टोक वर जाईपर्यंत जास्त टाकल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला टोफू देत नाही, दादा. इथे तर सून नेतेय!"

तिने कमरेचा बटवा सोडला आणि त्या सकाळची सगळी विक्री पिशवीत ओतली.

टोक झपकन वर गेलं. बाई गं, अभिमानाने माझा ऊर भरून आला. थ्येचूने दांडी तशीच उंच धरून ठेवली. आत्याने मान वर करून बघेपर्यंत त्याने ती खाली घेतली नाही.