जुन्या नावाचा शिक्का

मी एक जुना जावक शिक्का आहे. मित्रांनो, कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मला उमटावे लागते. त्याशिवाय तो निघत नाही. आजवर हजारो उत्तरांवर मी उमटलो असेन. तरी आठवत राहते ते पुतळाबाईंचे पत्र. त्याला उत्तर वेळेवर गेले नाही.

गुलमंडीजवळच्या एका दुकानात माझा जन्म झाला. वर सागवानी मूठ, खाली रबर आणि त्यावर 'औरंगाबाद'. विधी शाखेतले लिपिक श्रीधरराव मला रोज फडक्याने पुसत. "याचं एक अक्षर फुटत नाही," असे ते कौतुकाने सांगत, तेव्हा मी सुखावून जाई.

पुतळाबाई फुलंब्रीकडच्या मेंढपाळ. गावात जनावरांना पाणी पाजण्याचा हाळ होता. त्याच्या वाटेवर कुणीतरी तारेचे कुंपण घातले. ते काढायचा अधिकार ग्रामपंचायतीचा की तहसीलचा, हे वरून लिहून आणा, असे ग्रामसेवकाने सांगितले, म्हणून बाईंनी आमच्या जिल्ह्याच्या कचेरीला पत्र दिले. श्रीधररावांनी त्याच दिवशी उत्तर लिहिले: अधिकार ग्रामपंचायतीचा आहे, कुंपण काढावे. शाखेचे प्रमुख हिमांशू साहेब, त्यांनी सहीही केली.

मी टेकणार, तोच साहेबांनी श्रीधररावांना थांबवले. शहराचे नाव बदलले होते. जुन्या नावाचा शिक्का कोर्टात टिकेल का? नव्या शिक्क्याला तर अजून मंजुरी नव्हती. उत्तर अभिप्रायासाठी वर गेले आणि मी खणात गेलो.

ऊन तापू लागले तशा पुतळाबाई आल्या.

"सायेब, कोन्चाबी शिक्का मारा की. मेंढरं काय नाव वाचून पानी पितेत व्हय?"

सगळे हसले. साहेबही हसले.

"मावशी, उद्या कुणी कोर्टात गेलं तर माझी नोकरी जाईल," ते म्हणाले आणि त्यांनी बाईंना चहा पाजला.

पुन्हा त्या आल्या, तेव्हा कुणी हसले नाही. पाण्यावाचून कोकरे मेली होती. उरलेल्या मेंढ्या त्यांनी मिळेल त्या भावाने विकल्या होत्या आणि आता त्या चितेगावला कारखान्यात झाडलोट करायला निघाल्या होत्या. श्रीधररावांनी खाली मान घालून पाण्याचा पेला पुढे केला.

"आता मला कशाला पाजता?" एवढेच त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या तोंडावर अभिप्राय आला. नवा शिक्का मिळेपर्यंत जुना चालेल.

मित्रांनो, मी रबराचा तुकडा. कायद्यातले मला काय कळणार? साहेबांचे चुकले, असेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण उद्या तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीत बसेल. तेव्हा मला पुसले नाही तरी चालेल. समोरच्या माणसाची तहान मात्र आधी विचारा.

श्रीधररावांनी मला शाईवर दाबून उत्तरावर टेकवले. ठसा स्वच्छ उमटला. पाकिटावर पुतळाबाईंच्या जुन्या वस्तीचाच पत्ता घातला, कारण चितेगावचा कुणी विचारून ठेवला नव्हता. शिपायाने तिकीट चिकटवले आणि तो ते पोस्टात टाकून आला.