काळजाचा पत्ता

तिला घरात तुकडा म्हणत. नाव पुल्लिंगी, पोरगी स्त्रीलिंगी. पण 'तुकडा जेवली', 'तुकडा झोपली' म्हणताना घरात कुणाचीच जीभ अडखळत नसे. कॉलेजातल्या मैत्रिणींना वाटे, चंद्राचा तुकडा असणार. आरशाचं मत वेगळं होतं, पण ते तिनं मैत्रिणींच्या कानावर घातलं नाही.

तुकडा डॉक्टरी शिकत होती आणि त्या वर्षी शरीररचना तिच्या मानगुटीवर बसली होती. मेंदू, मज्जारज्जू, त्यातून फुटणाऱ्या नसा, खाली फुप्फुसं, यकृत, जठर, आतड्यांची वेटोळी. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळपर्यंत हवेत विरून जाई. आईचं निदान सोपं होतं. "पुस्तक जाड आहे आणि तू झोपाळू आहेस."

बाबा रंगारी. लोकांची घरं रंगवण्यात हयात गेलेली. त्यांनी आपल्या परीनं तोडगा काढला. एका सुट्टीला तिच्या खोलीतली मोकळी भिंत पांढरी केली, वाळल्यावर तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, पेन्सिलीनं तिच्याभोवती रेघ ओढली आणि म्हणाले, "हं, डॉक्टरीणबाई. सांगा, आत काय काय भरायचं?"

मग रोज कामावरून आले की ती सांगायची आणि ते भरायचे. नसा पुस्तकातल्यासारख्या पिवळ्या काढल्या.

"खऱ्या अशाच असतात?" बाबांनी विचारलं.

"नाही. मळक्या दोऱ्यासारख्या असतात."

"मग पिवळ्या कशाला?"

"डोळ्यांत भराव्यात म्हणून."

हे त्यांना पटलं. गिऱ्हाइकंही बैठकीच्या खोलीला पिवळा त्याचसाठी मागत.

एकदा ती म्हणाली, "आता काळीज काढा," आणि चहा घ्यायला गेली. परत येऊन बघते तर छाती कोरीच आणि उजव्या बरगड्यांखाली एक भलंमोठं, तपकिरी, तुकतुकीत प्रकरण.

"बाबा, हे यकृत आहे."

"काळीज आहे. खाटकाकडे काळीज मागून बघ, तो हेच देतो."

"अहो, मला हृदय म्हणायचं होतं."

"मग हृदय म्हणायचं की."

ती पोट धरून हसली. बाबाही हसले, आणि हसता हसता उजवा खांदा चोळू लागले. हा खांदा बरेच दिवस त्रास देत होता. छताला रंग देऊन देऊन दुखतो, असं ते म्हणत, आणि तुकडा रोज त्याला मलम लावत असे. हृदय त्या दिवशी राहिलं ते राहिलंच. काळीज आहे ना, मग घाई कसली, असं बाबांचं म्हणणं.

त्याच आठवड्यात वर्गात सरांनी श्वासपटल शिकवलं. छाती आणि पोट यांच्यामधला तो पातळ पडदा. त्याच्या खाली लगटून यकृत बसलेलं. सर जरा गमत्या स्वभावाचे. म्हणाले, "आईच्या पोटात असताना हा पडदा पार मानेजवळ असतो. मग खाली राहायला येतो, आणि येताना आपली नस मानेपासून ओढत आणतो. घर बदललं, पण पत्ता बदलायचा राहिला. त्यामुळे खाली यकृताचं काही बिनसलं, तर त्याचं टपाल अजून खांद्याच्या दारात पडतं."

वर्ग हसला. तुकडाही हसली आणि तिनं ते लिहून घेतलं.

दुपारी ती भिंतीसमोर पुस्तक उघडून बसली आणि तिला डुलकी लागली. भिंतीवरची बाई हळूच बाजूला सरली, दार उघडावं तशी, आणि तुकडा आत गेली. आत ऊन होतं, पण कुठून येत होतं ते कळेना. वर कुठेतरी मेंदू मंद गुणगुणत होता. तिनं मानेपाशी एक पिवळा दोर पकडला आणि त्याला धरून उतरू लागली. दोन्ही बाजूंना फुप्फुसं पडद्यांसारखी फुगत होती, ओसरत होती. छातीतली कोरी जागा आली तेव्हा ती पाऊल न वाजवता पुढे गेली. खाली पडदा हलत होता, आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी थकलेलं दार वाजवत होतं. अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये म्हणून वाजवावं तसं. तिच्या हातातला दोर थरथरला आणि वर, फार वर, खांद्यापाशी घंटी वाजली. घरातलं कुणी उठलं नाही. एक मुलगी तेवढी आली आणि घंटीला मलम लावून गेली.

तुकडा जागी झाली ती तडक उठली. बाबा बाहेर ब्रश धूत बसले होते. ती त्यांच्याजवळ गेली, उजव्या बरगड्यांखाली बोटं रुतवली आणि विचारलं, "दुखतं?"

"अशी ढोसशील तर कुणालाही दुखेल," बाबा म्हणाले. पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

दवाखाना झाला, तपासण्या झाल्या. खांदा ठणठणीत होता. यकृत मात्र संपत आलं होतं आणि आत एक गाठही होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवला, आणि तोही लवकर, तर माणूस वाचेल. आईचा रक्तगट जुळेना. मुलीचा जुळला.

बाबा म्हणाले, "नाही."

आई रडली, बाबा म्हणाले नाही. डॉक्टरांनी समजावलं, तरी नाही. घरी तुकडानं भिंतीजवळ उभं राहून पाठ म्हणावा तसं सांगितलं, की यकृत कापलं तरी पुन्हा वाढतं, माझंही वाढेल, तुमचंही.

"भिंतीचा पोपडा निघाला की निघाला," बाबा म्हणाले. "तो परत वाढलेला मी तरी बघितला नाही. आणि एक घर खरवडून दुसरं सजवायचं, असलं काम मी कधी घेतलं नाही."

ती फार घाबरली होती. आपल्यासाठी नव्हे, त्यांच्या या शांत आवाजामुळे. तिनं खडू घेतला आणि भिंतीवरच्या तपकिरी रंगावर उभी रेघ मारली.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"काळीज."

"कुणाचं?"

बाबांनी चित्राच्या कडेवरून बोट फिरवलं. कड त्यांनीच आखली होती, तिच्या अंगाभोवती.

"आणि मला काय म्हणता?"

"अगं, ती म्हणायची पद्धत असते. काळजाचा तुकडा म्हणतात लेकरांना."

"नुसती पद्धत होती, तर मग जन्मभर कशाला म्हणत आलात?"

बाबा उठून बाहेर गेले. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत पिवळ्या नसांवर आलं, मग तिथूनही गेलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ओळंबा होता. त्यांनी तो भिंतीला लावला, डोळा बारीक केला.

"रेघ वाकडी आहे," म्हणाले. खडूची रेघ बोटानं पुसली आणि ओळंब्याच्या दोरीनं सरळ मारून दिली. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

पुढचे दिवस धुक्यातले. पांढरं छत, पांढरे दिवे, कुणीतरी 'तुकडा छान बसला' असं पुल्लिंगी बोलल्याचा भास झाला. तिला हसू आलं आणि टाके दुखले. बाबा ठीक आहेत, असं नर्स सांगे, आणि ती पुन्हा त्या उन्हात पिवळ्या दोराला धरून उतरत जाई.

मग एका दुपारी चाकाच्या खुर्चीवर बाबा आले. तोंडावर मास्क, अंग निम्मं झालेलं, पण आजारात डोळ्यांत चढलेला पिवळेपणा उतरलेला.

"कुठे दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

तिनं डावा हात उचलून उजव्या खांद्यावर ठेवला.

बाबांनी खुर्ची पुढे घेतली, हात लांबवला आणि खांदा हळूहळू चोळू लागले. ती डोळे मिटून म्हणाली, "बाबा, तिथे काही झालेलं नाहीये. दुखणं खालचं आहे. पत्ता जुना आहे."

"माहीत आहे," बाबा म्हणाले, आणि चोळतच राहिले.