खदानीच्या कडेची जागा

निलंग्याजवळच्या त्या गावात दगडाची खदान वाढवायची की नाही, यावरून ग्रामसभेत दोन तास खडाजंगी चालली होती. खदानवाला विरूपाक्ष सांगत होता की दगड संपत आलाय, शेजारचं रान मिळालं नाही तर तीस घरांचं काम जाईल. सुरुंगांनी ज्यांच्या भिंती तडकल्या होत्या, ते म्हणत होते, जाऊ द्या.

ते रान सासऱ्याने नागम्माच्या नावावर केलेलं होतं. पण बोलत होता तिचा नवरा गुरुपादप्पा, कारण घरातलं बोलायचं काम लग्नापासून त्याचंच.

"त्या रानात माझा बाप बसलाय," तो म्हणाला. लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवून पुरतात, तेव्हा म्हातारा खरंच बोलत होता. "त्याच्याशेजारी माझी जागा ठरलीय. तिथं सुरुंग लावता काय?"

त्याचाच मुलगा अमरेश खदानीवर टिप्पर चालवायचा. त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात नागम्मा उठली. "आन् माझी जागा कुठं हाय?"

"माझ्या डाव्या अंगाला की."

"तिथनं खदानीचा रस्ता गेलाय. पाच वर्षांमागं तुमीच दिला. पोराला काम लागतंय म्हणालात, मी अंगठा उठवला."

म्हातारा खजील झाला. चाळीस वर्षं जिच्या हातची भाकरी खाल्ली, तिचीच जागा तो देऊन बसला होता, आणि हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. बायकोबद्दल अशी माया दाटून आली की भर सभेत डोळे भरले.

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"पोरगं पुण्याला जायचं ऱ्हायलं. मला तेवढं लई झालं."

विरूपाक्षाने घाईने कागद पुढे केला. "मग काकू, ह्यावर बी अंगठा देता का?"

"न्हाई. माझी जागा गेली ती गेली. ह्यांची देणार न्हाई."

"माझी जागा हिला," गुरुपादप्पा म्हणाला. "मला त्या रस्त्यातच बसवा. बघू कुणाचा टिप्पर जातोय."

"अप्पा, टिप्पर माझाच हाय," अमरेश हळूच म्हणाला.

"मग सावकाश ने. तुझ्या अव्वाच्या अंगावर धूळ उडवू नको."