लांडग्याच्या तोंडून

खोक्यात लांडग्याचं एक डोकं होतं, नखांचे दोन हातमोजे आणि केसाळ कातड्याची एक पट्टी. जबड्यात दात एकोणतीस. तीन खाचा रिकाम्या. संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या मुलीने सगळं टेबलावर मांडलं आणि खुर्चीत बसवलेल्या वडिलांकडे पाहिलं.

हा वेश परीकथेवरच्या ज्या जुन्या सिनेमातला, त्यात लांडगा झालेला शापित राजपुत्र तेच होते. पण शाप उतरल्यावर दिसलेला देखणा चेहरा दुसऱ्याच नटाचा. बाबांचा पडद्यावर आला तो फक्त आवाज, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून तोही गेला होता. वर्षभरात तिने त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता.

त्यांनी लांडग्याच्या डोक्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

"बाबा, नोकरी घालवाल माझी," ती म्हणाली. पण दार लावून तिने ते त्यांना चढवलं आणि मानेमागचे हूक अडकवले.

"ठमे," लांडगा म्हणाला, "नाकात भुसा जातोय."

तोच भरदार आवाज, कुठेही न अडखळता.

"बाबा! बोला ना!"

"काय बोलू? तुझी आई म्हणायची, तू असाच जास्त बरा दिसतोस." आत हसू घुमलं. "आणि तुझं ते भांडी घासतानाचं गाणं! वर्षभर ऐकतोय. गप्प बस म्हणायचीही सोय नव्हती."

ती हसता हसता रडायला लागली.

"उकडतंय गं. काढ आता."

"थांबा ना थोडं. काढलं की परत मुके व्हाल."

"काढ, ठमे. आतून आवळतंय."

"आईचं एक सांगा, मग काढते."

त्यांनी सांगितलं. तिने आणखी एक मागितलं. तेही सांगितलं, पण धापा टाकत. पुन्हा मागितलं तेव्हा आतून नुसती घरघर आली.

तिने घाईघाईने हूक सोडले आणि डोकं वर ओढलं. त्याबरोबर बाबांची मानही ताणली गेली. तिने केसांतून बोट फिरवलं. मुखवटा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते कळेना.

हत्यारांच्या खणात फट मोजायच्या पोलादी पट्ट्या होत्या. एकेक पट्टी तिने मानेभोवती सगळीकडे सरकवून पाहिली, जाड आधी, पातळ मागाहून. सर्वांत पातळ पट्टी ०.०५ मिलिमीटरची होती. तीही कुठे आत गेली नाही.