नावातला तारा

"गेर्लिंडे, माझी कुजबुज कुठंय?" रंगमंचावरून नट ओरडला.

"थांब जरा!" ती ओरडली. आवाज नको तितका चढला.

ग्रात्स शहरातल्या त्या लहानशा नाट्यगृहात ध्वनीचं काम करता करता गेर्लिंडेचे केस पिकले होते. नटाच्या एका कुजबुजीच्या भिंतीभिंतीतून शंभर कुजबुजी उठवणारा प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला होता. एकाचे अनेक करतो, म्हणून त्याच्या नावाच्या शेवटी तिनं हौसेनं गुणाकाराचा तारा लावला होता: 'कुजबुज*'. जुन्या संगणकावर ते चालून गेलं. तो बंद पडला, आणि आज आलेल्या नव्याला फाइलच्या नावात तारा खपत नव्हता. संगणकाच्या पडद्यावर नावाभोवती तुटक रेषांची चौकट आली होती. या नावाचं कुणी मला माहीत नाही, असं सांगणारी.

उपाय सोपा होता. फाइलच्या नावात ताऱ्याऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक लिहायचा. किती नवशिक्यांना तिनंच शिकवलं होतं ते. आज तो क्रमांक आठवेना.

"संध्याकाळी पहिला प्रयोग आहे, बाई," पलीकडच्या टेबलावरून प्रकाशवाला रुपर्ट म्हणाला. "तुझं यंत्र आजच रुसायचं होतं का?"

"तू कॉफी पी गप्प."

तिनं नेटवर शोधलं. क्रमांक सापडला. फाइलकडे वळली, कळांवर बोटं ठेवली, आणि क्रमांक गेला. पुन्हा शोधला. या वेळी पुटपुटत वळली. ओठ हलत राहिले, पण आपण काय पुटपुटतोय तेच तिला कळेना. नेटवरून क्रमांक तसाच उचलून फाइलच्या नावात चिकटवता आला असता, एवढंही सुचलं नाही.

आईचं असंच सुरू झालं होतं. एका रविवारी सूपचा चमचा हातात धरून तिनं विचारलं होतं, "याचं काय करतात गं?" सगळे हसले होते. आईसुद्धा.

शेवटी तिनं नावातला तारा पुसूनच टाकला. जिथं जिथं ते नाव होतं तिथं तिथं जाऊन पुसला. नटानं पुन्हा ओठ हलवले आणि सगळं नाट्यगृह कुजबुजू लागलं.

"शाब्बास!" नट म्हणाला.

"कसलं डोकं आहे हिचं!" रुपर्ट हसला. "एवढं सोपं कुणाला सुचलं नसतं."

गेर्लिंडे हसली नाही. टेबलाखाली तिनं एका हातानं दुसरा घट्ट धरला होता.

"रुपर्ट, संध्याकाळी माझ्याजवळ बसशील?"

"आणि दिवे कोण बघणार? तुझा..."

तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तो थांबला. त्यानं दिव्यांच्या बटणांचा आपला जड फलक दोन्ही हातांनी उचलून, वायरी ओढत, तिच्या टेबलावर आणून ठेवला. मग स्वतःची खुर्ची आणायला गेला.